अंधार पुसलेला सिनेमा

दीक्षाला जन्मापासून रंग दिसत नव्हते. लाल, हिरवा, पिवळा ही तिच्यासाठी नुसती नावं. तिचं जग काळ्या-पांढऱ्यात आणि मधल्या करड्यात मावलेलं. सोलापूरचं ऊन तर तिला अजिबात सोसायचं नाही. घराबाहेर पाऊल टाकलं की डोळ्यांवर गडद चष्मा, आणि चष्म्यावरून टोमणे. एकदा बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवून विचारलं होतं, "तुझ्या साडीचा रंग सांग बघू." ती म्हणाली, "तुमाला दिसतोय की. तुमीच सांगा." पाहुणे उठून गेले. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना ते आठवून एकटीच हसत सुटली.

आता दीक्षा चौतिशीची होती. एका सरकारी कार्यालयात टेलिफोनवर बसायची. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मात्र ती न चुकता वाचनालयाच्या वरच्या सभागृहात जायची. तिथं निवृत्त प्राध्यापक गुरुशांत सर जुने परदेशी डिटेक्टिव्ह सिनेमे दाखवत. सगळे कृष्णधवल. आधी सर मराठीत कथा थोडक्यात सांगत, मग दिवे जात. पहिल्यांदा गेली तेव्हा ती चकित झाली होती. शेजारच्या बाईला पडद्यावर जे दिसत होतं, तेच तिलाही दिसत होतं, काडीचंही कमी नाही. उलट अंधारात तिची नजर इतरांपेक्षा तेज. उशिरा आलेल्यांना हाताला धरून तीच खुर्चीपर्यंत न्यायची.

त्या सिनेमांतला गुप्तहेर बहुतेकदा मार खायचा. ज्याचं काम घ्यायचा तोच त्याला खोटं सांगायचा, पोलीस दमात घ्यायचे, आणि खरं उघड होऊनही कुणाचं भलं होईलच असं नसे. तरी गडी विचारायचं सोडत नसे. दीक्षाला ते फार पटायचं.

सरांचे गुडघे दुखायला लागले तसा ह्या चित्रपट मंडळाचा कारभार युवराजकडे आला. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, अंगात हौस होती. अठरा-वीस माणसांसाठी सभागृह उघडायचं त्याला जिवावर यायचं. त्यानं एका जुन्या सिनेमात कॉम्प्युटरवर रंग भरून घेतले आणि चौकात फ्लेक्स लावला, 'आता रंगीत!' त्या रविवारी सभागृह भरलं, माणसं मागं उभी राहिली.

दीक्षा पहिल्या रांगेत बसली होती. हा सिनेमा तिनं दोनदा पाहिलेला. जिन्याचा प्रसंग आला. मूळ सिनेमात तिथं काळाकुट्ट अंधार होता. वर चढणाऱ्या गुप्तहेराचे नुसते बूट दिसायचे, मग काडी पेटायची आणि खुनी हातभर अंतरावर उभा असायचा. आज जिना लख्ख होता. कठडा, भिंतीचे पोपडे, आणि वर उभा असलेला खुनीसुद्धा, अगदी कोटाच्या गुंड्यांसकट. रंग भरायला जागा हवी म्हणून सगळा काळोख उजळून टाकला होता.

ती उठून उभी राहिली. "युवराज, थांबवा हे."

पडद्यावरचं चित्र थांबलं. "काय झालं ताई?"

"हा तो सिनेमाच न्हाई."

युवराज हसला. "ताई, तुमाला तर रंग दिसतच न्हाईत. तुमाला काय फरक पडतोय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. दीक्षाचे कान तापले, पण ती बसली नाही. मागं वळून सगळ्यांकडे तोंड करून म्हणाली, "रंग दिसत न्हाईत, पण अंधार दिसतो. तो ह्यांनी पुसलाय. खुनी कुटं उभा हाय हे आधीच दिसायलंय. आता खरं सांगा, कुणाला भीती वाटली?"

वाचनालयात चाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी केलेल्या विठाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मला तर डुलकी लागली बघ."

गुरुशांत सर काठी टेकत उठले. "युवराज, मूळ प्रत लाव. फक्त तेवढा जिना."

युवराजनं नाराजीनं ती लावली. सभागृह काळं झालं. बूट एकेक पायरी चढू लागले. कुणी खोकलंसुद्धा नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं मैत्रिणीचा दंड घट्ट धरला. काडी पेटली आणि दहा-बारा जण एकदम दचकले.

मग पुढं रंगीत लावायचे की मूळ, ह्यावर युवराजनं हात वर करायला सांगितलं. जास्त हात रंगीतच्याच बाजूनं होते. दीक्षानं ते पाहिलं, पर्स उचलली आणि सरांपुढे हात केला. "सर, मूळ प्रती मला द्या."

"एकटी काय करणार तू?"

"बघणार."

तिच्या वस्तीतल्या समाजमंदिराची एक खोली रविवारी मोकळी असायची. पुढच्या महिन्यात तिनं खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या, भिंतीला पांढरा चुना दिला, कार्यालयातल्या एकाकडून प्रोजेक्टर मागून आणला. सर आणि विठाबाई धरून सात माणसं आली. चौथ्या महिन्यात बसायला सतरंजी पुरेना. तिसऱ्या रांगेतली ती मुलगी आरोही कॉलेजच्या चार जणी घेऊन आली होती.

खेळ सुरू होणार एवढ्यात युवराजचा फोन आला. "ताई, मंडळ फोडायलाव तुमी. एका शहरात दोन दोन कशाला? आमच्यात या. महिन्याआड एक तुमचा लावू."

"मूळचा? जसाच्या तसा?"

"थोडा उजेड वाढवायला लागंल की. लोकांना दिसत न्हाई."

"दिसू नये म्हणूनच केलाय तो तसा. ज्याला बघायचंय तो डोळे ताणील. न्हाई जमायचं युवराज."

"लई हट्टी हाव तुमी."

"व्हय," म्हणून तिनं फोन बंद केला.

एका खिडकीची चादर सरकून उन्हाची पट्टी भिंतीवर पडली होती. दीक्षा स्टुलावर चढली, चादरीचं टोक खिळ्याला अडकवलं, खाली उतरली आणि सिनेमा सुरू केला.