तिसऱ्या बेटावर विचारलेला प्रश्न

उंट्या आणि मी शाळेपासूनचे दोस्त. उंच, मान पुढे काढून चालायचा, म्हणून उंट्या. पुढे माझ्या धाकट्या बहिणीने त्याच्याशी लग्न केलं, पण माझ्या तोंडून ‘भावोजी’ कधी निघालं नाही. बहीण चिडायची, “चारचौघांत तरी नीट हाक मार रे त्यांना!” मग मी मुद्दाम मोठ्याने उंट्या म्हणायचो.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटचे सात महिने ती अंथरुणाला खिळून होती. उंट्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. त्याने ते निम्म्यावर आणलं. इंजेक्शनं द्यायला, पाठ पुसायला एक नर्स दोन वेळा घरी यायची. मी चष्म्याचं दुकान बंद करून रोज संध्याकाळी जायचो आणि बहिणीच्या पायाशी बसून काहीबाही बरळायचो. दुसरं काय करणार?

यंदा उंट्या एकदम दुकानात आला. मी काच घासत होतो. म्हणाला, “पाठीला पिशव्या अडकवायच्या आणि बेटं फिरायची. एका बोटीतून उतरायचं, दुसरीत चढायचं. येतोस?”

“साठी आली आपली. गुडघ्यांना विचारलंस का?”

“गुडघ्यांना विचारलं तर ते संडासलाही नको म्हणतात. तू येतोस की नाही बोल.”

बायको म्हणाली, “जा हो. दोघंही तीन वर्षं तोंड पाडून बसला आहात.”

गेलो. पहिल्या बेटावर पत्र्याच्या छपराची खोली मिळाली. दोन लोखंडी पलंग आणि रडणारा पंखा. उंट्याने पिशवीही न उतरवता खुर्चीवर चढून पंख्याचा स्क्रू आवळला. दुसऱ्या बेटावर आम्ही नारळाच्या बागांतून दिवसभर चाललो. माझ्या पिशवीचा पट्टा तुटला तर त्याने तारेने बांधून दिला, वर म्हणाला, “तुझ्या दुकानातल्या फ्रेमपेक्षा हा जास्त टिकेल.” आणि हसला. पोट धरून हसला. तीन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, समुद्र मानवला याला.

तिसऱ्या बेटावर भर दुपारी आम्ही धक्क्यावर बोटीची वाट बघत होतो. पिशव्यांना टेकून बसलो होतो. समोर एक कोळी जाळं सोडवत होता. त्याच्याकडे बघतच उंट्या बोलला.

“मी लग्न करायचं म्हणतोय. घरी तुला सांगायचा धीर होईना, म्हणून इथे आणलं.”

मी म्हणालो, “कोणाशी?”

“ती... घरी यायची ती नर्स. तिला कुणी नाही. मलाही आता कोण आहे?”

‘मलाही आता कोण आहे’ हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी होतो ना! तीन वर्षं बहिणीची आठवण काढायला तो एकटाच माझ्या बरोबरीने बसत होता. तो उठून चालला, तर मी एकटा तिच्यासाठी किती रडणार? पण हे मला तेव्हा कुठे उमगलं होतं? तेव्हा मी एवढंच विचारलं,

“माझी बहीण जिवंत असतानाच ठरलं होतं का तुमचं?”

उंट्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात बोट लागली. तो उठला, स्वतःची पिशवी पाठीला लावली, माझी हातात घेतली आणि फळीवरून आत गेला.

तिकिटं एकत्र काढलेली होती, त्यामुळे आणखी दोन दिवस एकाच खोलीत काढावे लागले. तो माझेही ओले कपडे दोरीवर टाकायचा, चिमटे लावायचा. बोलला मात्र नाही. तोंड मलाही होतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात तिथेच थांबले. “सात महिने तो माणूस खुर्चीत झोपला. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. आणि तुमच्या तोंडून हे निघालंच कसं?”

तरी मला जायला दोन महिने लागले. तो एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत होता. अंगाला ग्रीस, हातात पाना. मोटारीजवळ उकळत्या भांड्यासारखी गरमी. मी दारातूनच म्हणालो, “चुकलो मी. कर तू लग्न. मी स्वतः उभा राहतो.”

“ती गेली,” तो म्हणाला. “बदली मागून घेतली.”

“का? तू माझं बोलणं तिला सांगितलंस?”

“नाही. तिला कशाला सांगू?” त्याने दोरावरून फडकं फिरवलं. “तू विचारलंस ते मी स्वतःला विचारत बसलो. ती इंजेक्शन देऊन निघाली की मी दारापर्यंत जायचो. नुसता सोडायला जायचो, की मला बरं वाटायचं म्हणून जायचो? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. तिच्याशी धड बोलेना झालो. तिने किती दिवस थांबायचं?”

“मी जाऊन भेटतो तिला. पाया पडतो.”

“नको. तिला आणशील. माझ्या डोक्यातलं काढशील का?”

त्याने बॅटरी माझ्या हातात दिली, मी उजेड धरला, त्याने नट आवळला. अर्ध्या तासात लिफ्ट चालू झाली. आम्ही तिच्यातूनच खाली आलो. सात मजले दोघंही वरच्या आकड्यांकडे बघत होतो.

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, “सांभाळून जा.”

पन्नास वर्षांत तो मला असं कधी म्हणाला नव्हता. मी निघालो की नेहमी एक सणसणीत शिवी हासडायचा.