बनुबाईंची ट्यूब तालमीत

मी मलमाची ट्यूब बोलतेय. पोट चपटं, मान पिरगळलेली, तरी जीभ शाबूत. शाळा मी पाहिली नाही, पण अंगभर बारीक अक्षरं गोंदलीत. ती कुणी वाचत नाही. खरं सांगू, मलाही येत नाहीत. पण तोरा बघावा माझा.

कुठल्याशा कारखान्यात माझ्या पोटात स्टेरॉईड भरलं, शेपूट दाबली आणि खोक्यात निजवलं. मिरजेच्या एका औषधाच्या दुकानातून मला बनुबाईंनी नेलं. कराडजवळच्या खेड्यातली ही म्हातारी. डोक्यात आणि कोपरांवर सोरायसिसचे लाल चट्टे, त्यावर पांढरे पापुद्रे. रोग लागट नाही, तरी गावातल्या बायका हातभर लांब बसायच्या. बोलायच्या मात्र लय गोड.

चिठ्ठी दिली होती डॉक्टर शिफा यांनी. वयानं लहान, दटावणीत सासू.

"मावशी, बोटाच्या शेवटच्या पेरावर एक रेघ काढायची, तेवढंच. चट्ट्यावर पातळ लावायचं. तोंडाला नाही, जांघेत नाही. मी सांगितलंय तितके दिवस, मग दाखवायला यायचं. आणि ही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

"माझा रोग कोन मागतंय, बाई?" बनुबाई म्हणाल्या.

सांगितल्याबरहुकूम वागल्या. कोपरं निवली. पण लाज काही निवली नाही. मला डाळीच्या डब्यामागं दडवलं आणि घरात कुणाला मी कोण, कशासाठी, ते सांगितलंच नाही. घोळ तिथंच झाला.

नातू ऋषिराज फौजेच्या भरतीसाठी पळायचा. पहाटे साखर कारखान्याचा रस्ता, मग घामानं चिंब चड्डीवरच तालमीत जोर-बैठका. टॉवेल एक आणि पुसणारे सगळे. मग जांघेत नायटा उठणार नाही तर काय मोगरा फुलणार? खाजवून बेजार झाला, पण जागा अशी की सांगायची चोरी. त्यानं आजीची कोपरं बघितली होती. डब्यामागं हात घातला आणि मला उचललं.

लावलं, आणि दोन दिवसांत खाज गायब. मी फुशारले. पण माझा स्वभाव त्याला कोण सांगणार? नायटा म्हणजे बुरशी. मी लाली दाबते, खाज दाबते, बुरशीला मात्र हात लावत नाही. अंगातल्या राखणदाराला झोपवलं की चोराला रान मोकळं. तसं झालं.

गडी मला घेऊन तालमीत गेला. "जादू हाय गड्या." झालं, लंगोटाच्या खुंटीशेजारी माझा मुक्काम. वीरधवल म्हणून एक देखणा पैलवान, त्यानं मला मुरमांवर म्हणून गालाला फासलं. आठ-पंधरा दिवसांत गाल टोमॅटो. मला हसू आलं, नाही म्हणत नाही. पण ऋषिराजचा नायटा कमरेवर चढला, जांघेची कातडी पातळ होऊन रेघा पडल्या, तेव्हा हसू जिरलं. धावण्यात पोरगं पास झालं होतं. वैद्यकीय तपासणी तोंडावर आलेली, आणि अंगावर हे.

पोरानं मला गुपचूप डब्यामागं परत ठेवलं, आणि बनुबाईंनी मला हातात घेतलं. मी भुईसपाट.

"ऋषी, माझं मलम कोन खातंय रं?"

"उंदीर आसंल."

"उंदराला टोपण लावता येतंय व्हय?"

पोरगं दाराकडं सरकलं. मग म्हणालं, "आजी, दाखवायसारखी जागा न्हाई."

"तुझी दुपटी कुनी धुतली?" म्हातारीनं मला पिशवीत टाकलं. "लाजंनं मीबी न्हाई बोलले. न्हाईतर तू हात लावला नसतास. चल मिरजंला."

डॉक्टरांनी बघितलं. "ह्या नायट्याला ही बंद; मावशी, डोक्यातल्या चट्ट्यांना तुमचं चालू ठेवा. आता थोडं भडकेल, घाबरून परत लावायचं नाही. बुरशीचं औषध देते, बरं वाटलं तरी पुरं संपवायचं. कपडे कोरडे, टॉवेल ज्याचा त्याचा. तालमीतल्या पोरांनाही पाठवून दे."

"तपासणीच्या आत जाईल का?"

"नाही जाणार."

खरंच भडकलं. लालबुंद. तपासणी दोन दिवसांवर आली तेव्हा पोरानं मला परत उचललं. टोपण काढलं. दाबलं असतं तर लाली झाकली गेली असती, मला ठाऊक होतं. जन्मभर खोड्या आवडल्या, पण तेव्हा वाटलं, तोंड सुकून बंद व्हावं. डॉक्टरांची दटावणी आठवली असावी. मग टोपण लावून त्यानं मला डाळीच्या डब्यामागं नाही, सगळ्यांना दिसेल असं फळीवर ठेवलं.

तपासणीत फौजेच्या डॉक्टरांनी विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. बरा होऊन परत ये, म्हणाले. घरी आला तो मान खाली घालून उंबऱ्यावर बसला.

माझ्यात आता जेमतेम रेघभर उरलंय. माझ्या बहिणी तुमच्याही घरात असतील. त्यांना वाईट म्हणू नका, आम्ही कामाच्या आहोत. फक्त ज्याच्यासाठी डॉक्टरांनी दिली, त्याच्याजवळच राहू द्या, आणि सांगितलं तितकीच वापरा.

तर उंबऱ्यावरच्या पोरापुढं बनुबाई केस मोकळे सोडून बसल्या. मला त्याच्या हातात दिलं.

"मागचं मला दिसत न्हाई. केसाला न्हाई, कातड्याला लाव."

त्यानं पेरावर थोडं घेतलं. एकेक बट बाजूला करत चट्टा शोधला.

"आजी, फौजंत परत बी न्हाई घेतलं तर?"

"ते बघू. आदी भांग नीट पाड."