चौथी ट्रायल

गाऊनचं माप घ्यायला मावशीनं पोटाभोवती टेप नेली, तशी ती मुलगी श्वास ओढून मागे सरकली.

"दुखलं?"

"काही नाही हो, धडपडते ती," पडद्यापलीकडून नवरा म्हणाला. "बघून चालायची सवयच नाही."

मावशीनं टेप सैल केली. चाळीस वर्षं माणसांची मापं घेतल्यावर काही गोष्टी न सांगता कळतात. पडलेल्या माणसाचे गुडघे फुटतात, कोपरं सोलवटतात. हिची कोपरं धड होती. दंडावर मात्र चार बोटं उमटली होती, आणि सहा महिन्यांच्या पोटाच्या कडेला एक जुना पिवळा डाग होता, त्याच्यावर एक नवा निळा.

"गाऊनला बाह्या लांब ठेवा," मुलगी म्हणाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

मावशीला इतका राग आला की टेपवरचा आकडा दिसेना.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"बाळाचं कळलं तेव्हापासून."

"तुझं कुणी आहे?"

"बहीण. पण हा एकटीला उंबरा ओलांडू देत नाही. फोनही त्याच्याकडेच असतो."

मावशीनं खडूनं बहिणीचा नंबर कापडाच्या उलट्या बाजूला लिहून घेतला.

गल्लीत तिला 'एकमाप मावशी' म्हणत. एकदा माप घेतलं की पुन्हा सुई लावायची नाही, ही तिची ऐट. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, हिच्या कपड्याचं माप चुकत नाही, फक्त बोलण्याला माप नाही. त्या मावशीचा गाऊन पहिल्या ट्रायलला कमरेत घट्ट झाला.

"चुकलंच. पोट वाढतंय, माप हलतंय. गुरुवारी या."

दुसऱ्या वेळी खांदे उतरले. तिसऱ्या वेळी एक बाही आखूड निघाली. नवरा खूश झाला.

"एवढं नाव ऐकून आलो होतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!"

हे इस्त्रीवाल्यानं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीनं. मावशीला ते वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. पण प्रत्येक ट्रायलला पडद्याआड मुलीच्या कपड्यांखालून काहीतरी निघत होतं. आधी दवाखान्याची फाईल, मग ओळखपत्र, मग बाळाची दोन झबली. मावशी ते बटणांच्या कपाटात ठेवून कुलूप लावायची.

चौथ्या ट्रायलला नवरा बाहेर स्टुलावर फोन बघत बसला. पडद्यामागे मागचं दार उघडं होतं आणि मागच्या बोळाच्या तोंडाशी बहीण गाडी घेऊन थांबली होती. मुलीनं गाऊन चढवला. तो कुठंही ओढला नाही, कुठंही लोंबला नाही. मावशीनं तिच्या हातात पिशवी दिली आणि पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं. मग ती मशीनवर येऊन बसली आणि एका चिंधीवर टीप मारत राहिली.

"अजून किती वेळ?" नवऱ्यानं विचारलं.

"बसा हो. होतंय."

पाव तास गेला. तो उठला, त्यानं पडदा बाजूला सारला.

"कुठं गेली ती?"

"गेली. गाऊन घालून गेली."

"तो तर नीट होत नव्हता ना?"

"माप पहिल्याच दिवशी बरोबर होतं," मावशी म्हणाली.

तो दोन पावलं तिच्या अंगावर आला. दारात इस्त्रीवाला उभा होता. त्याला मावशीनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या हातातली इस्त्री गरम होती. नवरा शिव्या देत बाहेर पडला.

मावशीनं सुई उचलली. दोरा ओवायला तिला तीन खेपा लागल्या.