कपाटातल्या तीन बाटल्या

दवाखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती खिडकीताई. एड्सच्या औषधांच्या खिडकीमागे बसून तिला सोळा वर्षं झाली होती. खिडकी इतकी बुटकी, की समोरच्याचा चेहरा बघायचा तर मान वाकडी करावी लागे. त्यामुळे ती माणसांना हातांवरूनच ओळखायला शिकली होती. नवरा चिडवायचा, "तुला देव भेटला तरी तू आधी त्याच्याकडे कार्ड मागशील." ती हसायची. कामात ती चोख होती, आणि आपण चोख आहोत हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्या वर्षी बातमी आली, की जगभरातल्या एड्सच्या रुग्णांसाठी अनेक देश मिळून जो निधी उभा करतात, त्यातला आपला वाटा सरकार निम्म्यावर आणणार. "जगाची उसाभर आपणच का करायची?" असं काही खासदार उघड उघड म्हणू लागले. दवाखान्यातले डॉक्टर, नर्सेस, प्रयोगशाळेतली माणसं सगळीच खवळली. त्या निधीवर कितीतरी देशांतले रुग्ण जगत होते, आणि त्याचा थोडा हिस्सा फिरून याच दवाखान्यातल्या कपाटात येत होता. शेवटी ठरलं, खासदारांच्या समितीपुढे जायचं आणि तोंडावर सांगायचं.

प्रमुख डॉक्टरीणबाईंनी एका दुपारी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत जमवलं. बाई बोलायला फटकळ, पण रुग्णासाठी जीव टाकणाऱ्या. "आकडे ऐकले की त्यांना जांभया येतात," त्या म्हणाल्या. "मला माणसं हवीत. एकेकाने आपली एक गोष्ट सांगा. खरी."

एका नर्सने सांगितली, प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी सांगितली. खिडकीताई कोपऱ्यात बसली होती. बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. पण दीड वर्ष मनात कोंडलेलं माणूस कधी बाहेर पडेल, सांगता येत नाही.

"माझ्याकडे एक शिवणवाली यायची," ती म्हणाली. "कपड्यांच्या कारखान्यात होती. कायम धापा टाकत यायची आणि बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. मागच्या वर्षी औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा एका शुक्रवारी आली. औषध संपलं होतं. मी म्हटलं, सोमवारी ये. ती आलीच नाही. पाच महिन्यांनी आली ती स्ट्रेचरवरून. आठ दिवसांत गेली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "हीच," त्या म्हणाल्या. "आणि तूच सांगायचीस."

"मी? मला कुठलं बोलता येतं, मॅडम?"

"आत्ता बोललीस तसंच बोल. एक शब्द बदलू नकोस."

गोष्टीत खोटं एवढंसंच होतं. पण सगळी गोष्ट त्या एवढ्याशावरच उभी होती.

तुटवडा खरा होता. त्या वर्षी एकूण एक्केचाळीस दिवस कपाट रिकामं होतं, आणि रोज "संपलंय, नंतर ये" हेच बोलून तिची जीभ गुळगुळीत झाली होती. पण त्या शुक्रवारच्या आदल्याच दिवशी माल आला होता. शुक्रवारी खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. तिने साठ्याची वही मिटली होती, कपाटाला कुलूप घातलं होतं, कप धुऊन पालथा ठेवला होता, पिशवी खांद्याला लावली होती. तेवढ्यात तो दोऱ्याचे तुकडे चिकटलेला हात कार्डासकट आत आला.

घरी आग लागली नव्हती. कुणी आजारी नव्हतं. तिला फक्त कंटाळा आला होता. कुलूप काढा, वही उघडा, पुन्हा बेरीज करा. कपाटात त्या औषधाच्या तीन बाटल्या होत्या.

"संपलंय गं," ती म्हणाली. "सोमवारी ये."

"आजही?"

"आजही."

"बरं, ताई," म्हणून हात मागे गेला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

समितीपुढे जायचं त्या सकाळी आठ जणांनी पांढरे कोट कडक इस्त्री करून घातले. तिच्या मनात दहादा आलं, पोटात दुखतंय म्हणून सांगावं. पण डॉक्टरीणबाई शेजारी बसून तिचा हात थोपटत होत्या. समितीच्या खोलीत पाऊल बुडेल असा गालिचा होता आणि ध्वनिवर्धकाची मान तिच्यासाठी कुणीतरी खाली वाकवून दिली. ती बोलली. एक शब्द बदलला नाही.

ती थांबल्यावर एका वयस्क खासदाराने हात वर केला. ते निधीच्या बाजूने बोलणारे होते. आवाजात ओलावा होता. "बाई, एकच विचारतो. उद्या कुणी शंका घेईल म्हणून. त्या दिवशी औषध नव्हतंच, नक्की?"

खरं सांगायला तेवढी एक फट होती. तिने समोरच्या पाण्याच्या पेल्यावरचं झाकण सरळ केलं.

"नव्हतं," ती म्हणाली.

ते बाजूला बसलेल्या लेखनिकाने लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी तिचा आवाज रेडिओवर लागला. समितीने निधीत कपात करू नये अशी शिफारस केली. पुढच्या मंगळवारी संसदेत मतदान होणार होतं. दवाखान्यात टाळ्या वाजल्या. नवऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, "आमच्या घरातली पुढारी!" ती उठून भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत एक अनोळखी हात आला. त्यात कार्ड नव्हतं. तिने मान वाकवून पाहिलं. पन्नाशीची एक बाई होती, शिवणवालीचेच डोळे घेऊन आलेली.

"तुम्हीच ना काल रेडिओवर बोललात?" ती म्हणाली. "मी तिची थोरली बहीण. नाव घेतलं नाहीत ते बरं केलंत. पण मी ओळखलं."

खिडकीताईने हातातली बाटली खाली ठेवली. "काय हवंय तुम्हाला?"

"काही नको. माफी मागायला आले." बहीण खिडकीच्या फळीवर दोन्ही हात टेकून बोलू लागली. "त्या दिवशी ती रिकाम्या हाती घरी आली ना, तेव्हा मी खूप बोलले. म्हटलं, या खिडकीतल्या बायका आळशी, उघडून द्यायला यांच्या जिवावर येतं. तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, त्या बिचाऱ्या काय करतील, औषधच नाही तर? मला पटलं नाही. दीड वर्ष मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या मी. काल तुमचा आवाज ऐकला आणि लाज वाटली. तिच्यासाठी एवढ्या मोठ्या माणसांपुढे उभ्या राहिलात."

मार बसला असता तरी बरं, असं खिडकीताईला झालं. ती खिडकी दुसऱ्या मुलीच्या हवाली करून बाहेर आली आणि बहिणीला वऱ्हांड्याच्या टोकाच्या बाकावर घेऊन गेली. तिथे तिने सांगितलं. कंटाळ्यापासून तीन बाटल्यांपर्यंत, काही न लपवता.

बहीण म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते तेच खरं."

"हो."

"आणि ती शेवटपर्यंत तुमची बाजू घेऊन भांडली."

खिडकीताईला रडू आलं, पण या बाईसमोर आपण रडायचं म्हणजे जखमेवर मीठ, म्हणून तिने ओठ दाबून धरले.

"सोमवारी तिला सुट्टी मिळाली नाही," बहीण म्हणाली. "पुढच्या आठवड्यातही नाही. मग म्हणायला लागली, जाऊन तरी काय मिळणार आहे." ती उठली. "मला सांगून तुमचं ओझं उतरलं. मी आता हे कुठे ठेवू? तिच्या मुलीला सांगू की नको?"

"मला माफ..."

"मला नका सांगू. जिथे तिच्या जिवावर खोटं बोललात, तिथे जाऊन सांगा."

एवढं बोलून ती निघून गेली. पाठमोरी चालतानाही तिचा वेग बहिणीसारखाच होता, बस चुकेल की काय असा.

खिडकीताई तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकलं, उठून दार लावलं आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

"हे तू मला आज सांगतेस?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असे.

"मी समितीला पत्र लिहिते, मॅडम."

"लिही. बुधवारी लिही. मंगळवारी मतदान होऊन जाऊ दे." बाई टेबलावर वाकल्या. "निधी नको म्हणणारे टपून बसलेत. तू माकडाच्या हातात कोलीत द्यायला निघालीस. तुझं एका दिवसाचं खोटं बाहेर आलं, की आपलं एक्केचाळीस दिवसांचं खरंही बुडालं. औषध मिळालं नाही तर तिकडे कुठल्या कुठल्या देशांत माणसं मरतील, त्यांचं काय? तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून?"

बाई चुकीचं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. दोन दिवस ती औषधं देत राहिली आणि प्रत्येक बाटली दोनदा मोजत राहिली. बोललं तर आग, न बोललं तर फुफाटा. पण ज्या गोष्टीच्या भरवशावर खासदार हात वर करणार होते, ती खोटी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तिला माहीत होतं. बुधवारी सांगणं म्हणजे खिडकी बंद करून झाल्यावर औषध आहे म्हणण्यासारखं झालं असतं.

सोमवारी रजा टाकून ती त्या वयस्क खासदाराच्या कचेरीत गेली. दोन तास बाकावर बसवल्यावर त्यांनी आत बोलावलं. तिने पत्र पुढे केलं. त्यात एवढंच होतं: त्या वर्षी एक्केचाळीस दिवस औषध नव्हतं, त्याची वही हजर आहे, पण तो शुक्रवार त्यांतला नव्हता. त्या दिवशी औषध होतं. मी दिलं नाही.

त्यांनी दोनदा वाचलं. "मी तुम्हाला विचारलं होतं, बाई."

"हो, साहेब."

"तुम्हाला वाचवण्यासाठीच विचारलं होतं." त्यांनी पत्राची घडी घातली. "हे मला सगळ्यांपुढे ठेवावं लागेल. माझं मत बदलणार नाही. बाकीच्यांची खात्री देत नाही."

मंगळवारी सगळ्यांनी दवाखान्याच्या रेडिओवर चर्चा ऐकली. एका खासदाराने तिचं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "यांच्या बाकीच्या गोष्टीही अशाच शिवलेल्या नाहीत कशावरून?" सभागृहात हशा पिकला. शेवटी वाटा निम्मा झाला नाही, पण चौथाई कापला गेला. रेडिओ कुणी बंद केला कळलं नाही. खोली एकेक करून रिकामी झाली आणि तिच्याशी कुणी बोललं नाही.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तिला पुढारी म्हणून मिरवणारा तो माणूस खाली मान घालून ऐकत राहिला. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात त्याने एकही विनोद केला नाही.

दवाखान्याने चौकशी केली आणि लेखी समज दिली. एका पानाचा कागद. शिक्षा इतकी हलकी, की सही करताना तिला लाज वाटली. तिने विचारलंसुद्धा, "एवढंच?" कारकुनाने वर पाहिलं नाही.

महिनाभराने डॉक्टरीणबाई पहिल्यांदा खिडकीपाशी आल्या. आत न येता, रुग्णांच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"पत्र नसतं तरी कदाचित एवढी कपात झालीच असती," त्या म्हणाल्या.

"कदाचित."

"ते आता कुणालाच कळणार नाही. तुलाही नाही, मलाही नाही." त्यांनी चष्मा पुसला. "माझा राग इतक्यात जायचा नाही."

"असू दे, मॅडम."

"पुढच्या अधिवेशनात पुन्हा जायचंय. या वेळी गोष्ट नको, वही हवी. त्या एक्केचाळीस दिवसांत कोण कोण रिकाम्या हाती गेलं, आणि त्यातलं कोण परत आलं नाही, ते काढ. आणि न आलेल्यांना फोन कर. ते काम तूच करायचंस."

तिने दुपारपासून सुरुवात केली. काही नंबर बंद होते. एका माणसाने नावानिशी शिव्या घातल्या. तिने त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या आणि मग खिडकीच्या वेळा सांगितल्या. एका घरात फोन घेणाऱ्याने "तो आता नाही" म्हणून ठेवून दिला. एक बाई म्हणाली, गुरुवारी येते.

गुरुवारी ती आली नाही. खिडकीताई खिडकी बंद झाल्यावरही तासभर बसून राहिली. शुक्रवारी सकाळी ती बाई आली. हात रिकामे होते. कार्ड हरवलंय म्हणाली.

"असू दे," खिडकीताई म्हणाली. "नवं करू."

म्हणून शिवणवालीचं देणं काही फिटलं नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने वही उघडली आणि बाईचं नाव विचारलं.