दोर बाईंकडे

मी एक दोर आहे. दोर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कपडे वाळत घालायची दोरी आली असेल, तर आधी माफी मागा! मी होडीचा दोर आहे, मनगटाएवढा जाड.

कारखान्यातून निघालो तो थेट एका नवराबायकोच्या होडीवर आलो. मालक नुकतेच निवृत्त झाले होते. परमुलखात मुलीकडे राहायला आले आणि तिथले कालवे पाहून वेडेच झाले.

"अगं, आपण होडी घेऊ!"

"अहो, तुम्हाला पोहता तरी येतं का?" बाईंनी विचारलं. तरी होडी आलीच.

उतारावर कालव्यालाही पायऱ्या असतात. दोन दरवाजांमधल्या हौदात होडी घ्यायची, पाणी सोडायचं, की ती हळूहळू खाली जाते. तोवर काठावरच्या लोखंडी खुंटाला माझा एक वेढा द्यायचा आणि होडी उतरेल तसं मला सैल सोडत जायचं. मालकांनी पहिल्याच दरवाजापाशी खुंटाला माझी पक्की गाठ मारली आणि निवांत उभे राहिले. पाणी उतरलं, होडी माझ्यावर लटकली, आतली भांडी धडाधड पडली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

दरवाजाचे अधिकारी धावत आले आणि त्यांनी पाणी थांबवलं. डोक्यावर सरकारी टोपी, चेहरा जमदग्नीचा. तिथल्या भाषेत त्यांनी मालकांची अशी हजेरी घेतली, की अर्थ कळायची गरजच उरली नाही. मग त्यांनी मला उचलून बाईंच्या हातात दिलं आणि मालकांना सुकाणूच्या चाकाकडे बोट दाखवलं.

त्यानंतरचे सगळे उन्हाळे तसेच गेले. काय सुखाचे दिवस होते ते! मालक चाकावर, मी बाईंच्या मुठीत. ते टोपीवाले अधिकारी दर वेळी दिवे, तरंगायची जाकिटं, सगळं तपासायचे. हसायचे मात्र नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही म्हण माणसांनी आम्हा दोरांवरून केली. लागू पडली ती या टोपीवाल्यांना.

मग एका हिवाळ्यात मालक गेले. मुलगी म्हणाली, "आई, विकून टाक आता होडी."

"एकदा खालच्या तळ्यापर्यंत नेते. तिथं जायचं त्यांचं राहून गेलं."

होडीवर एकट्या बाई पाहून टोपीवाल्यांनी दरवाजा उघडलाच नाही. "दोन माणसं हवीत. नियम आहे."

एव्हाना बाईंना त्यांची भाषा येत होती. "साहेब, इतकी वर्षं दोर मीच धरला ना?"

"म्हणूनच सांगतो. दोर सोडून चाकाकडे धावलात, तर होडी भिंतीवर आदळेल."

बाई मला गुंडाळू लागल्या. "मग इथूनच फिरते मागे. विकूनच टाकते."

 टोपीवाल्यांनी काठावरच्या खोलीतल्या आपल्या बायकोला हाक मारून दरवाजे सांभाळायला सांगितलं आणि होडीकडे हात पुढे केला. दोर मागताहेत असं वाटून बाईंनी मला पुढे केलं.

"छे, छे! दोर तुमच्याकडेच राहू दे. मला आत यायला हात द्या. चाक मी धरतो."

पाणी उतरू लागलं. बाई ढसाढसा रडत होत्या, पण मला सोडताना त्यांचा हात एकदाही चुकला नाही. पुढच्या दरवाजाला दुसरे अधिकारी चाक धरायला आधीच येऊन उभे होते. टोपीवाल्यांनी वाटेतच फोन केला होता. अशा रीतीने आम्ही तळं गाठलं. होडी काही विकली गेली नाही.

आता मी झिजलोय. माझ्या जागी नायलॉनचा दोर आलाय आणि मी होडीच्या छतावर वेटोळं करून पडलेला असतो. आज ना उद्या मला टाकतील, त्याची तक्रार नाही. मागणं एवढंच, की दुसऱ्या कुणी मला फेकू नये. मला बाईंनीच सोडावं.