मागच्या पायावर भार

नगरला सावेडीत काकासाहेबांनी ‘इंटरनेट कॅफे’ अशी पाटी लावली, तेव्हा सुरुवातीला लोक आत येऊन चहाच मागायचे. नव्व्याण्णव सालची ही गोष्ट. दुकानात चार कॉम्प्युटर, एक टेलिफोन आणि हे सगळं सांभाळायला वृषाली. मुलगी हुशार. इंग्रजी डिक्शनरी घेऊन घोकून घोकून शिकलेली. एकच खोड होती. तिला सल्ला द्यायला फार आवडायचं. विचारलं तर सांगायचीच, न विचारलं तर जास्तच सांगायची.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती इंटरनेटवर भटकायची. अशीच एकदा तिला एक फोटो दिसला. पांढराशुभ्र उतार, आणि त्यावरून एक माणूस फळीवर उभा राहून सुसाट खाली येतोय. दोन्ही पाय फळीला बांधलेले. खाली नाव होतं स्नोबोर्डिंग. वृषाली खुर्चीतल्या खुर्चीत उडाली. ‘अगं बाई, ही तर आपली फळी!’

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ती वाढली नेवाशाकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत. उसाचा रस काढून झाला की जो भुसा उरतो, त्या बगॅसचे तिथं डोंगर लागायचे, दुमजली घराएवढे. तिचे वडील सहादेव त्याच यार्डात कामाला. कॉलनीतली पोरं खोक्याची फळी घेऊन, तिला सायकलच्या ट्यूबचे पट्टे ठोकून, त्यात पाय अडकवून त्या डोंगरावरून घसरायची. वॉचमन शिव्या घालत मागं लागायचा. वृषाली या खेळात पोरांच्याही वर. वडिलांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती, ‘मागल्या पायावर रेल, म्हंजी फळीचं नाक भुशात रुतत न्हाई.’ आणि ते सोळा आणे खरं होतं.

त्या फोटोच्या पानावर एक चावडी होती. गावच्या चावडीसारखीच, फक्त तिथं माणसं बसायची ती आपापल्या देशात, आणि बोलायची ती लिहून. कुणी कॅनडातला, कुणी स्वित्झर्लंडचा, कुणी जपानचा. कोणती फळी घ्यावी, बूट किती आवळावेत, वळताना कुठं बघावं, यावर रोज वाद. वृषालीनं काही दिवस नुसतं वाचलं. मग हात शिवशिवायला लागले. कुणीतरी विचारलं होतं की सैल बर्फात फळीचं टोक रुततं, काय करू? तिनं लिहिलं, ‘भार मागच्या पायावर ठेवा.’ खाली सही केली, ‘व्ही. एस., भारत.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘जमलं! आभारी आहे, सर. तुम्ही हिमालयात राहता का?’

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी बाई आहे, अहमदनगरात राहते, इथं मार्च लागला की डांबर पायाला चिकटतं, आणि मी घसरले ती चिपाडांच्या ढिगावरून? तिला ती चिपाडं आठवली, बापाच्या अंगाला येणारा तो आंबूस वास आठवला, आणि तिनं टाइप केलं, ‘होय, हिमालयात. लहानपणापासून.’

खोटं एकदा बोललं की त्याला पोसावं लागतं. वृषालीनं त्याला चांगलं धष्टपुष्ट केलं. इकडचं वाचायचं, तिकडं सांगायचं, वर आपल्या पदरची दोन गूढ वाक्यं पेरायची. ‘डोंगर आधी पायाला शिकवतो, मग डोक्याला.’ असलं काहीतरी. गोऱ्या लोकांना ते फार आवडायचं. ते तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत गेले आणि ती चढत गेली. सुट्टीला घरी गेल्यावर तिनं आईबापांना एवढंच सांगितलं की परदेशातले लोक मला सल्ला विचारतात. कसला सल्ला ते त्यांनी विचारलं नाही. कॉम्प्युटरचा असेल, असं ते समजले.

अशात त्या चावडीवर मॅरियन नावाची एक बाई आली. कॅनडात एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, पन्नाशीला टेकलेली. मुलगा मोठा झाला, फार बोलत नाही, पण स्नोबोर्डिंग करतो, म्हणून तिनंही शिकायला घेतलेलं. तिनं लिहिलं, ‘आमच्या टेकडीवरचा बर्फ सकाळी दगडासारखा कडक असतो. मला भीती वाटते आणि मी सारखी पडते. काय करू?’

रॉल्फ म्हणून स्वित्झर्लंडचा एक शिक्षक होता. मोजकं बोलायचा. त्यानं लिहिलं, ‘कितीही भीती वाटली तरी भार पुढच्या पायावर ठेवा. कडक बर्फात मागं रेललात की फळी पायाखालून पळते.’

वृषालीला हे लागलं. कारण तिनं मॅरियनला रॉल्फच्या आधीच सांगून टाकलं होतं, मागच्या पायावर. कडक बर्फ म्हणजे काय, हे तिला फ्रीजरच्या पलीकडं माहीत नव्हतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं लांबलचक उत्तर लिहिलं. पुस्तकी माणसं पुढं झुकायला सांगतात, आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या लोक मागं रेलूनच उतरतात, आणि ज्यांनी हिमालय पाहिला नाही त्यांनी डोंगराबद्दल जपून बोलावं. हे शेवटचं वाक्य लिहिताना तिला स्वतःचं हसू कसं आलं नाही, देव जाणे. दोन दिवस वाद रंगला. बरेच जण तिच्या बाजूनं उभे राहिले. शेवटी रॉल्फनं लिहिलं, ‘कदाचित हिमालयातला बर्फ वेगळा असेल. मी थांबतो.’

वृषालीनं त्या दिवशी काकासाहेबांना स्वतःच्या पैशानं भेळ खाऊ घातली.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मॅरियनचा मजकूर आला. सगळी अक्षरं लहान, कॅपिटल एकही नाही, मधेमधे चुका. ‘डाव्या हातानं लिहिते आहे, माफ करा. तुम्ही सांगितलं तशी मागच्या पायावर रेलले. फळी पुढं निघून गेली, मी मागं पडले, उजवं मनगट मोडलं. दोन ठिकाणी. शाळेत आता बदली बाई ठेवलीय. व्ही. एस. सर, माझं नक्की काय चुकलं? मी पुरेशी रेलले नाही का?’

वृषालीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ही बाई तर मोडक्या हातानं आपलीच चूक विचारत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं जे म्हणतात ते तिला तेव्हा खरोखर वाटलं.

काकासाहेब गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणाले, “काय गं, तोंड का पडलंय?”

तिनं सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. काकासाहेब ऐकता ऐकता इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“बर्फ? तू? अगं, तू कधी महाबळेश्वरला तरी गेलतीस का?”

“नाही, काका.”

“मग काय बिघडलं? कोन येतंय नगरला तपासाया? लिही, तुमीच चुकलात म्हनावं, अजून रेलायला पायजे हुतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“तिचा हात मोडलाय हो.”

“बरा हुईल की. तिकडं डाक्टर लई भारी असतात.”

ते काही वाईट माणूस नव्हते. दिवाळीला तिला साडी द्यायचे. पण आपण करत आलो ते दुसऱ्याच्या तोंडून सोपं करून ऐकलं, की ते किती घाण आहे हे कळतं. आणि वाईट म्हणजे, काकासाहेबांनी सुचवलेलं वाक्य तिच्या मनात त्यांच्याआधीच येऊन गेलं होतं. तिनं काहीच न लिहिता कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी ती घरी गेली. कॉलनीतल्या बुद्धविहारात सकाळी वंदनेला सगळी जमतात. दारातच वडिलांनी तिला अडवलं. त्यांच्याबरोबर यार्डातले पुंजारामकाका होते.

“जयभीम काका.”

“जयभीम, जयभीम,” पुंजाराम म्हणाले. “सहादू सांगत हुता, तुला म्हनं फारेनची मान्सं इचारून चालत्यात?”

“मंग!” सहादेव म्हणाले. “आमी साहेबाला इचारायचो, आता साहेबाचे साहेब आमच्या पोरीला इचारत्यात. लई शिकलीया ती.”

“आबा, राहू द्या ना,” वृषाली म्हणाली.

“का ऱ्हाऊ द्या? खोटं हाय का?”

ती चप्पल काढायच्या निमित्तानं खाली वाकली.

आत तिची आई सुमनबाई पुढं बसून पंचशील सांगत होती. आई एक ओळ म्हणे, मागून सगळे म्हणत. लहानपणापासूनचं पाठ, अर्थाकडं कुणाचं लक्ष जातं? जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, हे म्हणून झालं, तिसरंही झालं. मग चौथं आलं. “मुसावादा वेरमणी,” आई म्हणाली. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. सगळं विहार एका आवाजात म्हणालं. वृषालीचा आवाज फुटला नाही. शेजारी आबा खड्या आवाजात म्हणत होते, आणि त्यांच्या त्या आवाजाची तिला इतकी लाज वाटली, म्हणजे त्यांची नव्हे, स्वतःची, की पाचवं शील केव्हा संपलं ते तिला कळलंच नाही.

जेवताना आई म्हणाली, “घास का चिवडतीस? काय झालं?”

“काही नाही.”

सुमनबाईनं तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. वृषालीला तेही टोचलं.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या ती लिहायला बसली. काकासाहेब यायच्या आत संपवायचं होतं. नाहीतर ते पुन्हा हसले असते आणि तिचा धीर गेला असता. तिनं लिहिलं, ‘मी हिमालयात राहत नाही. मी सर नाही, बाई आहे. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. आमच्याकडं साखर कारखाना आहे, तिथं उसाच्या भुशाचे ढीग असतात, त्यावरून मी लहानपणी फळीवर घसरत असे. मागच्या पायावर भार हे मी तिथं शिकले. रॉल्फ यांचं म्हणणं बरोबर होतं. मी त्यांचा अपमान केला. मॅरियन, तुमचं काहीच चुकलं नाही. तुमचा हात माझ्यामुळं मोडला.’ खाली पूर्ण नाव घातलं, गावासकट. पाठवलं, आणि गिऱ्हाईकांच्या पावत्या फाडायला लागली.

खोट्याच्या कपाळी गोटा, तो दुसऱ्या दिवशी बसला. चावडीवर नुसता धुरळा. कुणी फसवी म्हटलं, कुणी आजारी डोक्याची. एकानं लिहिलं होतं की तिचं नाव कायमचं काढून टाका. तिनं प्रत्येक ओळ वाचली. त्यातली एकही तिला जास्तीची वाटली नाही, आणि शिव्या खाऊन जरा हलकंही वाटलं. खरं सांगून टाकलं, भोग भोगला, संपलं, असं माणसाला वाटतं तसं.

मग रॉल्फचं उत्तर आलं. त्यात राग नव्हता. ‘भुसा सैल असतो. ताज्या, खोल, सैल बर्फात तुमचंच बरोबर आहे. तिथं आम्हीही मागं रेलतो. तुम्ही भुशाचं आधी सांगितलं असतं, तर हा सल्ला कुठं चालतो आणि कुठं नाही, हे मी मॅरियनला सांगू शकलो असतो. भुशाबद्दल ऐकायला मला फार आवडलं असतं.’

म्हणजे लपवायसारखं काही नव्हतंच. आबांनी शिकवलेलं खरं होतं, आपल्या जागी बरोबर होतं. तिला त्या ढिगाची लाज वाटली, बापाच्या कपड्यांची लाज वाटली, म्हणून तिनं ते हिमालयाखाली पुरलं, आणि पुरलं म्हणून एका बाईचं मनगट मोडलं. परवा विहारात वाटलेली लाज त्यापुढं काहीच नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला आता कळलं.

मॅरियनचं उत्तर दुपारी आलं. तीच लहान अक्षरं, त्याच चुका.

‘हात भरून येईल. तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण एक सांगते. माझा मुलगा त्या दिवशी टेकडीवर माझ्याबरोबर होता. तो मला ओरडून सांगत होता, आई, पुढच्या पायावर, पुढच्या पायावर. मी त्याला त्याच्या मित्रांसमोर म्हटलं, तू गप्प बस, मला हिमालयातल्या माणसानं शिकवलंय, तुला काय कळतं. तो निघून गेला. दवाखान्यात मला शेजाऱ्यांनी नेलं. अजून तो आलेला नाही. तुम्ही सगळ्यांना सल्ले देता. आता त्याला मी काय सांगू?’

वृषालीनं कीबोर्ड पुढं ओढला. बोटं आपसूक चालायला लागली. ‘तुम्ही स्वतःहून त्याच्याकडं जा, मुलं मनातून...’ तिनं ते पुसलं. ‘आई कधी मुलापुढं लहान होत नाही...’ तेही पुसलं. चांगली चांगली वाक्यं येत होती, एकापेक्षा एक. कधी न पाहिलेल्या त्या मुलाला कसं समजवावं, हे तिला अगदी स्पष्ट सुचत होतं.

तिनं हात मांडीवर घेतले. पलीकडच्या कॉम्प्युटरवरच्या गिऱ्हाईकानं काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू आलं नाही. मग तिनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, टाइप केलं.

‘मला माहीत नाही.’