मागची टेकडी

"अहो, तो टाय सरळ करा. भाऊजींच्या शेजारी बसायचंय आज," बायको म्हणाली आणि कॅप्टनच्या कपाळाला आठी पडली.

"शेजारी कसलं? मागे. नेहमीसारखं."

"आजच्या दिवशी तरी तोंड वाकडं करू नका हो."

आज शहरातल्या मोठ्या चौकाला मेजरचं नाव द्यायचं होतं. मेजर म्हणजे कॅप्टनचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. युद्धात पुढची टेकडी रात्रभर लढवली म्हणून त्याला शौर्यपदक मिळालं आणि तेव्हापासून सासरवाडीत जावई म्हटलं की एकच नाव निघू लागलं. सासूबाई मेजरला खुर्ची देत. कॅप्टनला खुर्ची कुठे आहे ते सांगत.

कॅप्टनचा जळफळाट व्हायचा तो वेगळ्याच गोष्टीने. त्या टेकडीवरचे खंदक त्याने खणले होते. तो इंजिनिअर तुकडीचा. खंदक खणायचे, दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे आणि निघायचं, हेच त्याचं काम. खडक फोडून, वळणं घेत नेलेले ते खंदक मेजरच्या हवाली करून तो मागच्या टेकडीवर खणायला गेला. तिथवर शत्रू आलाच नाही. पुढे इतकी भाषणं झाली, पण मेजरने खंदकांचं नाव कधी काढलं नाही. जणू टेकडी खंदकांसकटच जन्माला आली होती!

आज कॅप्टन विचारणारच होता. एकदा तरी, चारचौघांत, आपलं नाव निघालंच पाहिजे.

सभागृहामागच्या खोलीत मेजर एकटाच बसला होता. छातीवरचं पदक वाकडं लागलं होतं.

"या साडूभाऊ. हे जरा नीट करा. माझी बोटं आता ऐकत नाहीत."

कॅप्टन वाकला. पदकाला हात लावायची त्याची ही पहिलीच वेळ. ते हातात येताच इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. "मेजर, ते खंदक माझे होते. एका शब्दाने तरी कधी सांगितलंत?"

मेजरने पदकावरच्या त्याच्या हाताकडे पाहिलं.

"सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्या रात्री मी मागे येणार होतो. परवानगी मिळाली होती. तुमच्या टेकडीवर येऊन लढायचं, असं ठरलं. वायरलेसवर तुम्हाला विचारलं, खंदक तयार आहेत का. आठवतं?"

कॅप्टनला आठवत होतं. "सकाळपर्यंत नाही," असं तो म्हणाला होता.

"उघड्या टेकडीवर माणसं आणून काय करणार? म्हणून थांबलो. शौर्य कसलं हो, जायला जागा नव्हती. सकाळी माझी मूठभर पोरं उरली. तुमचा काय दोष, तिकडेही खडकच असणार. पण खरं सांगू? तुमची सगळी पोरं घरी गेली ना, त्याचा मला अजून हेवा वाटतो."

मागच्या टेकडीवर खडक नव्हता. माती भुसभुशीत होती. पण पुढची टेकडी खणून पोरं गळून गेली होती, म्हणून कॅप्टनने त्यांना झोपू दिलं होतं. "घाई कसली? पुढे साडू बसलाय, गाजवू दे त्याला मर्दुमकी," असं तो वर हसून म्हणालाही होता.

तो तोंड उघडणार तेवढ्यात बोलावणं आलं. पिन तशीच खुपसून त्याने हात मागे घेतला.

कॅप्टनला आज चक्क पहिल्या रांगेत बसवलं होतं. हारतुरे झाले, भाषणं झाली. शेवटी मेजर माईकपाशी आला.

"ती टेकडी माझ्या एकट्याची नव्हे. तिथला प्रत्येक खंदक माझ्या साडूने खणला होता. हे मी फार पूर्वीच सांगायला हवं होतं. उठा साडूभाऊ, लोकांना दिसू द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोचे डोळे भरून आले. "अहो, उठा ना!" तिने कोपराने ढोसलं.

कॅप्टनने खुर्चीचे हात घट्ट धरले. टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतले उठले, मग पुढचे उठले, बायकोही उठली. सगळं सभागृह त्याच्यासाठी उभं होतं आणि कॅप्टन एकटा बसून होता.